नाव खोडलं तरी माणूस सापडतो : लटान्या स्वीनी यांचं संशोधन

सांजवात

यादीतून नाव, पत्ता आणि विमा क्रमांक काढला की ती निनावी झाली, असं सरकारी खाती, रुग्णालयं आणि कंपन्या वर्षानुवर्षं मानत आल्या. हा समज पुराव्यानिशी मोडून काढणाऱ्या प्राध्यापक लटान्या स्वीनी यांच्या कामाबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढते आहे. संगणकशास्त्र न शिकलेल्यांनाही कळावं अशा बेताने लिहिलंय. जाणकारांनी भर घालावी.

मॅसॅच्युसेट्सपासून सुरुवात करू. तिथल्या राज्य कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा ग्रुप इन्शुरन्स कमिशन ही सरकारी संस्था पाहते. १९९० च्या दशकात या संस्थेने सुमारे १,३५,००० कर्मचारी आणि कुटुंबीयांच्या उपचारांच्या नोंदी संशोधकांना उपलब्ध करून दिल्या. नावं आणि पत्ते काढलेले होते. निदान, उपचार, औषधं आणि तारखा ठेवल्या होत्या, कारण त्यांच्याशिवाय अभ्यास कशाचा करणार? आणि त्यांच्यासोबत प्रत्येकाची जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी झिप कोडही (अमेरिकेतला पिनकोड) होता. वय आणि प्रदेश कुठल्याही आरोग्य अभ्यासाला लागतातच, त्यामुळे हे तीन रकाने कुणाच्या डोळ्यांवर आले नाहीत.

स्वीनी तेव्हा एमआयटीत संशोधक विद्यार्थिनी होत्या. १९९७ च्या सुमारास त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली. ती कुणालाही मिळत होती. तिच्यात नाव आणि पत्त्याच्या जोडीला झिप कोड, जन्मतारीख आणि लिंग होतं, म्हणजे तेच तीन रकाने. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड केंब्रिजमध्येच राहत. मतदारयादीत त्यांच्या जन्मतारखेचे सहा जण निघाले, त्यांतले तीन पुरुष, आणि त्यांच्या झिप कोडात राहणारे एकटे वेल्ड. मग विम्याच्या यादीतली तेवढी ओळ काढायची राहिली. वेल्ड यांच्या उपचारांचा तपशील स्वीनी यांनी त्यांच्याच कार्यालयाला पाठवून दिला.

यात कुठलाही संगणक फोडलेला नाही, पासवर्ड चोरलेला नाही. दोन्ही याद्या रीतसर मिळालेल्या. गोपनीयतेचा भंग झाला तो दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यामुळे. मला या संशोधनातली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच वाटते. एखादी यादी सुरक्षित आहे की नाही हे त्या एकट्या यादीकडे बघून ठरवता येत नाही. जगात दुसरीकडे काय काय उपलब्ध आहे त्यावर ते ठरतं, आणि यादी देणाऱ्याच्या हातात ते कधीच पूर्णपणे नसतं.

वेल्ड यांचं उदाहरण गाजलं, पण एका माणसावरून नियम निघत नाही हे स्वीनी यांनाही माहीत होतं. १९९० च्या जनगणनेचे आकडे घेऊन त्यांनी हिशोब मांडला आणि २००० मध्ये निष्कर्ष दिला : जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी झिप कोड एवढ्यावरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकमेव ठरू शकतात.

रोग दाखवून त्या थांबल्या नाहीत. पिएरांजेला सामाराती यांच्यासोबत १९९८ मध्ये आणि पुढे २००२ च्या स्वतंत्र निबंधात त्यांनी 'के-अनॉनिमिटी' ही कल्पना मांडली. ओळख पटवू शकणाऱ्या रकान्यांचा विचार केला तर यादीतली प्रत्येक नोंद निदान आणखी के वजा एक नोंदींसारखीच दिसली पाहिजे. के पाच असेल तर तुम्ही कमीत कमी पाच जणांच्या घोळक्यात असता. त्यासाठी जन्मतारखेऐवजी फक्त वर्ष द्यायचं, झिप कोडाचे शेवटचे आकडे झाकायचे, आणि तरीही वेगळी उठून दिसणारी नोंद वगळायची. 'गोपनीयता पाळली आहे' या मोघम वाक्याच्या जागी पहिल्यांदाच तपासून बघता येईल अशी अट आली.

थोडं त्यांच्याविषयी. एमआयटीतलं शिक्षण मध्येच सोडून त्यांनी स्वतःची कंपनी काढली होती. नंतर हार्वर्डच्या एक्स्टेंशन स्कूलमधून पदवी घेतली, आणि २००१ मध्ये एमआयटीतून संगणकशास्त्रात पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांनी डेटा प्रायव्हसी लॅब उभी केली, पुढे हार्वर्डला गेल्या, आणि २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेतल्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या मुख्य तंत्रज्ञ होत्या.

अमेरिकेच्या हिपा या आरोग्य विम्याविषयीच्या कायद्याखाली आलेल्या गोपनीयता नियमावर या कामाचा उघड परिणाम दिसतो. त्यात १८ प्रकारचे तपशील काढायला सांगितले आहेत. तारखांमधून फक्त वर्ष ठेवायचं, झिप कोडाचे पहिले तीनच आकडे द्यायचे आणि तेही त्या भागात २०,००० हून जास्त लोक असतील तरच, आणि ८९ च्या वरची सगळी वयं एकाच गटात टाकायची. या अटी वाचल्या की त्यांच्यामागची मतदारयादी डोळ्यांसमोर येते.

गणिती

सांजवातताई, उत्तम धागा. तीन साधे रकाने एवढे घातक कसे, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडेल, म्हणून कागदावर करता येण्यासारखा हिशोब देतो.

वर्षाचे ३६५ दिवस, साधारण ८० वर्षांचा वयोपट्टा आणि दोन लिंगं. गुणाकार ५८,४००. म्हणजे प्रत्येक झिप कोडात एवढे कप्पे आहेत. १९९० मध्ये अमेरिकेची लोकसंख्या २५ कोटींच्या आसपास आणि झिप कोड ३०,००० च्या घरात. सरासरी एका झिप कोडात ८,५०० माणसं धरा. ५८,४०० कप्प्यांत ८,५०० माणसं विखुरली तर बहुतेक जण आपापल्या कप्प्यात एकटेच असणार. संभाव्यतेचं सूत्र लावलं तर एकटं असण्याची शक्यता सुमारे ८६ टक्के येते.

पण हा सरासरीचा खेळ आहे. माणसं मोठ्या झिप कोडांत दाटीने राहतात. २५,००० लोकांच्या झिप कोडात हीच शक्यता ६५ टक्क्यांवर येते आणि एक लाखाच्या वस्तीत १८ टक्क्यांवर. उलट वृद्धांचे कप्पे विरळ, म्हणून नव्वदीतला माणूस शहरातही एकटा सापडतो. मोठ्या वयांना एका गटात टाकण्याची अट यासाठीच आहे.

मुक्ता

म्हणजे ८७ टक्के हा आकडा सगळीकडे सारखा लागू नाही. मग तो पक्का मानायचा का? इतक्या ठिकाणी उद्धृत होतो, कुणी पुन्हा तपासून पाहिला आहे का?

तर्कशुद्ध

मुक्ता, पाहिला आहे. फिलिप गोल यांनी २००६ मध्ये हाच हिशोब पुन्हा केला. २००० च्या जनगणनेवर त्यांना ६३ टक्के मिळाले, आणि १९९० च्या आकड्यांवरही स्वीनी यांच्यापेक्षा बरेच कमी. ६३ टक्केही भरपूरच आहेत, पण ८७ आणि ६३ मधला फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

वेल्ड यांच्या उदाहरणावर त्याहून गंभीर आक्षेप आहे. कोलंबिया विद्यापीठातले साथरोगशास्त्रज्ञ डॅनियल बार्थ-जोन्स यांनी २०१२ मध्ये तो सविस्तर मांडला. केंब्रिजची लोकसंख्या एक लाखाच्या जवळपास होती आणि मतदारयादीत नावं सुमारे ५४,०००. जवळपास निम्मं शहर यादीत नव्हतंच. तेव्हा त्या झिप कोडात वेल्ड यांच्याच जन्मतारखेचा, पण मतदार नसलेला आणखी एखादा पुरुष राहत नव्हता हे कशावरून? वेल्ड यांची खात्री पटली कारण ते गव्हर्नर होते. मे १९९६ मध्ये एका पदवीदान समारंभात ते कोसळले आणि रुग्णालयात दाखल झाल्याच्या बातम्या सगळीकडे छापून आल्या होत्या. सामान्य माणसाच्या बाबतीत असा पडताळा मिळणार नाही.

आक्षेप घेतला म्हणजे मी स्वीनी यांच्या विरुद्ध आहे असं नाही. परंतु या एका गोष्टीवर धोरणं आखली गेली, तर तिची मर्यादाही सांगितली गेली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

सांजवात

तर्कशुद्ध, आक्षेप रास्त आहे आणि इथे मांडलात हे फार चांगलं केलंत. दोन गोष्टी सांगते.

पहिली, नुकसान करायला शंभर टक्के खात्री लागत नाही. नोकरीवर ठेवणाऱ्याला उमेदवाराच्या गंभीर आजाराची साठ टक्के शंका आली तरी तो दुसऱ्याला निवडून मोकळा होतो. ती नोंद दुसऱ्याच कुणाची निघाली, तर ज्याला तो आजारही नाही अशा माणसाचं नुकसान होतं.

दुसरी, सामान्य माणसांना पडताळा मिळत नाही हे म्हणणं स्वीनी यांनीच २०१३ मध्ये तपासलं. वॉशिंग्टन राज्य रुग्णालयांतल्या दाखल रुग्णांचा डेटा ५० डॉलरला विकत होतं. नावं अर्थातच नव्हती. त्यांनी त्याच राज्यातल्या वर्तमानपत्रांतून २०११ मधल्या, कुणी रुग्णालयात दाखल झाल्याचा उल्लेख असलेल्या ८१ घटना गोळा केल्या. रस्त्यावरचे अपघात, मारामाऱ्या अशा रोजच्या बातम्या. बातमीत नाव, वय, राहण्याचं ठिकाण, कधी आणि काय झालं एवढं असतं. त्यावरून ८१ पैकी ३५ जणांची, म्हणजे ४३ टक्के लोकांची नेमकी एकेक नोंद सापडली. आता विचार करा, अपघाताच्या नोंदीतच त्या माणसाचे जुने आजार, व्यसनं, मानसिक उपचार हेही असतात. बातमीत पाय मोडल्याचं आलं, पण यादीतून बाकी सगळं कळलं. यानंतर वॉशिंग्टन राज्याने डेटा देण्याची पद्धत बदलली.

ही माणसं गव्हर्नर नव्हती.

तर्कशुद्ध

वॉशिंग्टनचा अभ्यास वेल्डच्या उदाहरणापेक्षा कितीतरी भक्कम आहे. नमुना सांगितलाय, पद्धत सांगितली आहे, न जुळलेल्या ४६ घटनाही लपवलेल्या नाहीत. धोरणासाठी पुढे करायचा तर हाच पुढे करावा.

परिचारक

वाचतोय. अपघाताच्या नोंदीत जुने आजार येतात हे अगदी खरं. केसपेपरवर काय काय लिहिलेलं असतं हे रुग्णालयात काम करणाऱ्यालाच कळतं.

साथ_सोबत

मी साथरोगांच्या आकडेवारीत काम करते. या चर्चेत नेहमी सुटणारी बाजू मांडायची आहे.

डेटा झाकण्याचीही किंमत असते आणि ती रुग्णच मोजतात. जन्मतारखेचं वर्ष झालं तर नवजात बालकांचा अभ्यास संपला, कारण तिथे दिवस मोजावे लागतात. तारखांमधून फक्त वर्ष ठेवलं तर साथ कोणत्या आठवड्यात उसळली ते कळणार नाही. झिप कोड तीन आकड्यांवर आणला तर एखाद्या कारखान्याभोवती कर्करोग जास्त आढळतो का हे कधीच दिसणार नाही, कारण तो परिसर एका प्रचंड पट्ट्यात विरघळून जातो. आणि के-अनॉनिमिटीसाठी 'उठून दिसणाऱ्या' नोंदी वगळतात, त्या कुणाच्या असतात? दुर्मीळ आजार असलेल्यांच्या, अल्पसंख्य समूहांच्या. ज्यांचा अभ्यास आधीच कमी होतो तेच आकडेवारीतून गळतात.

स्वीनी यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्यांचं नाव पुढे करून 'डेटा देऊच नका' म्हणणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्याने जीव वाचत नाहीत.

सांजवात

साथ_सोबत, तुमच्या प्रतिसादातलं प्रत्येक वाक्य पटलं. स्वीनी यांची भूमिकाही डेटा बंद करा अशी नाही. के-अनॉनिमिटी मांडली तीच मुळी डेटा देता यावा म्हणून. हिपाच्या नियमातही १८ तपशील काढण्याला पर्याय ठेवलेला आहे : संख्याशास्त्र जाणणाऱ्या तज्ज्ञाने धोका अत्यल्प असल्याचं तपासून लेखी दिलं तर जास्त तपशील ठेवता येतो. शिवाय मर्यादित डेटा करार करून देण्याचीही सोय आहे, त्यात तारखा राहतात. अडचण अशी की हे मार्ग मेहनतीचे आहेत, म्हणून कार्यालयं 'सगळं देऊ' किंवा 'काहीच देणार नाही' या दोन टोकांना जाऊन बसतात.

कोष्टक

के-अनॉनिमिटीची मर्यादा सांगायला हवी, कारण अनेक ठिकाणी ती अजून शेवटचा शब्द मानली जाते.

समजा यादीत पाच जणांचा गट आहे : वय ४० ते ५०, पुरुष, एकच परिसर. के पाच, अट पूर्ण. पण पाचही जणांच्या पुढे 'एचआयव्ही' लिहिलेलं असेल तर? तुम्ही यांतले कोण हे मला कळलं नाही, पण तुम्हाला काय झालंय ते कळलं. लपवायचं होतं ते नेमकं बाहेर पडलं. २००६ मध्ये अश्विन मचनवज्झला आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून 'एल-डायव्हर्सिटी' मांडली, म्हणजे प्रत्येक गटात संवेदनशील माहितीच्या निदान एल वेगवेगळ्या किंमती हव्यात. त्यालाही वर्षभरात उत्तर आलं. गटात जठराचा व्रण, जठरदाह आणि जठराचा कर्करोग अशा तीन वेगवेगळ्या नोंदी असल्या तरी माणसाला पोटाचा विकार आहे एवढं पक्कं कळतंच. मग निंगहुई ली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'टी-क्लोजनेस' सुचवली : गटातलं आजारांचं प्रमाण संपूर्ण यादीतल्या प्रमाणाच्या जवळ असावं. प्रमाण जितकं जवळ न्याल तितका गटागटांतला फरक पुसला जातो, आणि साथ_सोबत यांना नेमका तो फरकच हवा असतो.

याहून मूलभूत अडचण रकान्यांच्या संख्येची आहे. चारू अगरवाल यांनी २००५ मध्ये दाखवलं की रकाने वाढत गेले की के दोन ठेवायचा म्हटलं तरी इतकं झाकावं लागतं की डेटात काही उरतच नाही. मतदारयादीच्या काळात ओळख पटवणारे रकाने मोजता येत होते. आज माणसाची खरेदी, प्रवास, शोध, आवडीनिवडी या सगळ्याच ओळख पटवतात. कुठला रकाना निरुपद्रवी आणि कुठला घातक ही विभागणीच राहिली नाही.

निशिगंध

कोष्टक यांच्या शेवटच्या वाक्याला पुरावा म्हणून नेटफ्लिक्स. २००६ मध्ये कंपनीने शिफारस करणारी गणनपद्धत सुधारण्यासाठी दहा लाख डॉलरची स्पर्धा ठेवली आणि जवळपास ४,८०,००० ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले १० कोटी गुण प्रसिद्ध केले. नावं नाहीत, वय नाही, झिप कोड नाही. फक्त ग्राहकाचा बनावट क्रमांक, चित्रपट, गुण आणि तारीख.

अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह तेव्हा टेक्सास विद्यापीठात होते. त्यांनी दाखवलं की एखाद्याने दिलेले आठ गुण माहीत असले, त्यांतले दोन साफ चुकीचे असले आणि तारखा चौदा दिवसांनी मागेपुढे असल्या, तरी ९९ टक्के ग्राहकांची नोंद एकमेव ठरते. मग आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळावर खऱ्या नावाने मतं देणाऱ्यांच्या छोट्या नमुन्याशी ताडून दोघांच्या नोंदी शोधूनही दाखवल्या. सगळे पाहतात ते चित्रपट फार काही सांगत नाहीत. ओळख पटवून देतात ते फार कुणी न पाहिलेले चित्रपट, आणि अशी आवड प्रत्येकाचीच काही ना काही असते.

माणसाने काय पाहिलं यावरून त्याचं राजकीय मत, धर्म, लैंगिकता यांचा अंदाज येतो. नेटफ्लिक्सवर खटला झाला, फेडरल ट्रेड कमिशननेही विचारणा केली, आणि २०१० मध्ये दुसरी स्पर्धा रद्द झाली. नारायणन आता प्रिन्स्टनला प्राध्यापक आहेत.

मुक्ता

हे वाचून अस्वस्थ व्हायला झालं. मोबाइलच्या ठिकाणांचंही असंच होत असणार ना?

निशिगंध

मुक्ता, त्याहून सोपं आहे. इव्ह-अलेक्झांडर द माँजोय आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास आहे. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी. ठिकाण म्हणजे फक्त जवळचा टॉवर आणि वेळ म्हणजे फक्त तास. अशा चार नोंदी माहीत असल्या तर ९५ टक्के लोक एकमेव ठरतात. घर, कार्यालय आणि कधीतरी गेलेली दोन ठिकाणं, संपलं.

पाटीपेन्सिल

एक प्रश्न. नाव किंवा क्रमांक नुसता काढण्याऐवजी त्याचं हॅश करून, म्हणजे सूत्राने न ओळखता येणाऱ्या अक्षरांच्या माळेत बदलून ठेवलं तर? आमच्याकडे 'हॅश केलंय, म्हणजे निनावी' असं सर्रास म्हणतात.

कोष्टक

पाटीपेन्सिल, हा गैरसमज लवकर मोडायला हवा. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या वर्षभराच्या १७ कोटींहून अधिक फेऱ्यांचा डेटा माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याखाली बाहेर आला. टॅक्सीचा परवाना क्रमांक आणि चालकाचा क्रमांक यांचं एमडी५ या पद्धतीने हॅश केलेलं होतं. हॅश उलटवता येत नाही हे बरोबर, पण उलटवायची गरजच पडली नाही. परवाना क्रमांकांचे साचे ठरलेले, शक्य क्रमांक काही कोटींच्या आत. सगळ्यांचं हॅश काढून तक्ता बनवला आणि त्यात शोधलं. फोन नंबर, जन्मतारीख, ओळखपत्राचा क्रमांक, ज्याच्या शक्यता मोजून संपतात त्याचं साधं हॅश काहीही लपवत नाही. गुप्त किल्ली घालून केलं तर क्रमांक सुरक्षित राहील, पण एकाच टॅक्सीच्या सगळ्या फेऱ्या एकत्र जोडलेल्याच राहतील, आणि निशिगंध यांनी सांगितलेली चार ठिकाणांची युक्ती तिथे चालेलच.

गणिती

आता डिफरन्शियल प्रायव्हसीकडे यायला हरकत नाही. सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि अ‍ॅडम स्मिथ यांनी २००६ मध्ये ती मांडली. सैद्धांतिक संगणकशास्त्रातला २०१७ चा ग्योडेल पुरस्कार त्यासाठी मिळाला. स्वीनी यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या प्रश्नाला हे गणिताचं उत्तर आहे, आणि ते आधीच्या सगळ्या उत्तरांपेक्षा वेगळ्या दिशेने येतं.

बीज जुनं आहे. १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर यांनी नाजूक प्रश्नांच्या सर्वेक्षणासाठी एक युक्ती काढली. तिचं सोपं रूप असं. प्रश्न : तुम्ही कधी अमली पदार्थ घेतले आहेत का? उत्तर देणाऱ्याने गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर खरं सांगायचं. काटा आला तर पुन्हा उडवायचं, आणि छाप्याला 'हो', काट्याला 'नाही' म्हणायचं. आता तुम्ही 'हो' म्हणालात तरी ते खरं की नाण्याचं, हे कुणी सिद्ध करू शकत नाही. पण हजारो लोकांची उत्तरं गोळा झाली की खरं प्रमाण काढता येतं. नाण्यामुळे आलेले 'हो' एकूण उत्तरांच्या पाव भाग असणार. 'हो' म्हणणारे ३५ टक्के निघाले तर २५ वजा करा, उरलेल्या १० ची दुप्पट करा. खरं प्रमाण २० टक्के.

डिफरन्शियल प्रायव्हसीत अट अशी आहे : तुमची नोंद यादीत असो वा नसो, बाहेर पडणारं उत्तर कुठलंही असण्याची शक्यता जवळपास तेवढीच राहिली पाहिजे. 'जवळपास' म्हणजे किती, हे एप्सिलॉन या संख्येने ठरतं. एप्सिलॉन लहान तर संरक्षण जास्त आणि उत्तर धूसर. 'या गावात मधुमेहाचे रुग्ण किती' याचं उत्तर एका माणसामुळे फार तर एकाने बदलतं, म्हणून त्या मापाची यादृच्छिक भर घालायची, म्हणजे नशिबाने ठरलेली लहानशी संख्या मिळवायची किंवा वजा करायची. एप्सिलॉन ०.१ ठेवलात तर उत्तर साधारण दहाने इकडेतिकडे होईल. एक लाख रुग्णांच्या संख्येत दहाची चूक काहीच नाही. बारा जणांच्या वस्तीत ती सगळं बुडवते.

मला यात सर्वांत मोठं वाटतं ते हे की हल्ला करणाऱ्याकडे दुसरी कुठली यादी आहे याचा अंदाज बांधावा लागत नाही. मतदारयादी असो, बातम्या असोत की दहा वर्षांनी कुठून तरी फुटणारा डेटा असो, हमी टिकते. आणि एकापाठोपाठ एक उत्तरं देत गेलं तर एकूण गळती किती झाली याची बेरीज मांडता येते. के-अनॉनिमिटीत हे होत नाही. दोन रुग्णालयांनी एकाच रुग्णाची नोंद आपापल्या पाच-पाच जणांच्या गटात नीट झाकली, तरी दोन्ही गटांत सामायिक आजार एकच निघाला तर रुग्ण उघडा पडतो.

साथ_सोबत

बारा जणांच्या वस्तीचं उदाहरण दिलंत ते बरं झालं, कारण अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत डिफरन्शियल प्रायव्हसी वापरली आणि हाच वाद झाला. छोट्या वस्त्या, मूळ रहिवासी जमातींचे भाग, तिथल्या आकड्यांत भर घातली की निधी आणि प्रतिनिधित्वावर परिणाम होतो. अलाबामा राज्य तर न्यायालयात गेलं होतं.

गणिती

हो, तो खटला टिकला नाही, पण काळजी खोटी नव्हती. दुसरी बाजूही बघा. जनगणना खात्याने २०१० च्या स्वतःच्याच प्रसिद्ध तक्त्यांवर हल्ला करून पाहिला. फक्त बेरजांच्या तक्त्यांवरून मूळ व्यक्तींच्या नोंदी पुन्हा बांधता येतात का? ४६ टक्के लोकसंख्येच्या बाबतीत वस्तीचा विभाग, लिंग, वय, वंश आणि वांशिक मूळ अगदी अचूक जुळलं. बाजारात मिळणाऱ्या डेटाशी जोडल्यावर १७ टक्के लोकांची ओळख पक्की झाली. म्हणजे वैयक्तिक नोंद एकही न देता, नुसत्या बेरजांमधून.

शेवटी मतदारसंघांसाठीच्या आकड्यांना त्यांनी एप्सिलॉन १९.६१ ठेवला. पाठ्यपुस्तकात एक किंवा त्याहून कमी शिकवतात. इतक्या मोठ्या एप्सिलॉनला गणिताची हमी फार उरत नाही असं अनेक संशोधक म्हणतात, आणि मलाही तसंच वाटतं. पण निदान ही संख्या जाहीर आहे. आधीच्या जनगणनांत घराघरांच्या नोंदी आपसात बदलत असत, आणि किती बदलल्या हे गुप्त ठेवत. जाहीर असलेल्या कमकुवत हमीवर भांडता येतं.

मुक्ता

स्वीनी यांनी पुढे काय केलं? त्या याच विषयात राहिल्या का?

सांजवात

मुक्ता, विषय रुंदावला. २०१३ मध्ये त्यांनी गुगलच्या जाहिरातींचा अभ्यास केला. स्वतःचं नाव शोधलं तेव्हा 'अटक झाली होती का?' अशा अर्थाची, लोकांच्या नोंदी विकणाऱ्या कंपनीची जाहिरात दिसली. अटक त्यांना कधीच झालेली नव्हती. मग २,००० हून अधिक खऱ्या नावांवर पद्धतशीर चाचणी घेतली. कृष्णवर्णीयांमध्ये जास्त आढळणाऱ्या नावांपुढे अटकेचा उल्लेख असलेली जाहिरात येण्याचं प्रमाण लक्षणीय जास्त निघालं. गणनपद्धतींतल्या भेदभावावरच्या सुरुवातीच्या ठोस अभ्यासांत हा मोजला जातो.

२०१७ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी दाखवलं की ३५ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसीच्या संकेतस्थळांवर, कुणाचे थोडे वैयक्तिक तपशील हाती असले तर त्याचा मतदार म्हणून नोंदवलेला पत्ता परस्पर बदलता येऊ शकतो. मतदाराला ते थेट मतदान केंद्रावर कळणार. विकत मिळणारा वैयक्तिक डेटा आणि सरकारी यंत्रणा एकमेकांना जोडून बघायची नजर इथेही तीच आहे.

परिचारक

आमच्या छोट्या गटाने एक आरोग्य सर्वेक्षण केलंय. सुमारे ६०० कुटुंबं. वय, लिंग, वस्ती, व्यवसाय, मुलांची संख्या, आजार असे रकाने. अभ्यासकांनी मागितलाय म्हणून खुला करायचा विचार होता. नावं काढली आहेत. हा धागा वाचून हात आखडला. काय करावं?

कोष्टक

परिचारक, आहे तसा संकेतस्थळावर टाकू नका. ६०० कुटुंबांत वस्ती, व्यवसाय आणि मुलांची संख्या एवढ्यावरच शेजाऱ्याला शेजारी ओळखू येईल. बाहेरच्या हल्लेखोरापेक्षा ओळखीच्या माणसाची भीती अशा डेटात जास्त असते.

आधी व्यवसाय आणि वस्ती सोडून बाकी रकान्यांवर गट पाडून बघा, किती नोंदी एकट्या पडतात ते मोजा. मग वस्ती घालून मोजा, मग व्यवसाय. कुठला रकाना सर्वांत जास्त माणसं उघडी पाडतो ते तासाभरात कळेल. एवढ्या छोट्या नमुन्यात डिफरन्शियल प्रायव्हसीची भर घालून बारीक तपशील टिकणार नाहीत, तो नाद सध्या सोडा.

साथ_सोबत

माझा सल्ला : खुले करायचे ते तक्ते करा. वयोगट आणि आजार, व्यवसायाचा ढोबळ गट आणि आजार, असे निवडक. दहापेक्षा कमी संख्येचा कप्पा दाखवू नका, आणि बेरजेवरून तो काढता येत नाही ना हेही बघा. हे हमखास राहून जातं. मूळ नोंदी हव्या असतील त्या अभ्यासकाला लेखी करार करून द्या : ओळख पटवायचा प्रयत्न करणार नाही, पुढे कुणाला देणार नाही, काम झाल्यावर नष्ट करीन. आणि संमतीपत्रात लोकांना काय सांगितलं होतं ते आधी काढून वाचा. खुलं करण्याचा उल्लेखच नसेल तर बाकीचे प्रश्न नंतर.

परिचारक

संमतीपत्रात 'माहिती अभ्यासासाठी वापरली जाईल' एवढंच आहे. खुली करण्याबद्दल काही नाही. तेव्हा नोंदी बाहेर देत नाही. तक्ते करायला घेतो, झाले की इथेच टाकतो. गणिती, कप्प्यांची बेरीज-वजाबाकी एकदा तपासून द्याल का?

गणिती

नक्की. पण धाग्यावर टाकायच्या आधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.